टाळू अरुंद की दात वेडेवाकडे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या सदराकडे दातांच्या तारांविषयी नेहमीच पत्रे येतात. अलीकडे मात्र त्यांत एक्स्पान्डरविषयीची, म्हणजे वरच्या जबड्याची रुंदी वाढवण्यासाठी टाळूलगत बसवल्या जाणाऱ्या उपकरणाविषयीची पत्रे बरीच वाढली आहेत. हे उपकरण चांगले की वाईट, असे त्यांपैकी बहुतेकांत सरळ विचारलेले असते. त्याला सरसकट उत्तर देता येत नाही. दोष जबड्याच्या हाडात आहे की केवळ दातांच्या ठेवणीत, आणि रुग्णाची वाढ अजून किती शिल्लक आहे, या दोन गोष्टी ठरल्यावाचून कोणतेच उपकरण योग्य किंवा अयोग्य ठरत नाही. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तोंड मिटताना तिचा खालचा जबडा किंचित उजवीकडे सरकतो आणि त्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. डॉक्टरांनी एक्स्पान्डर बसवून घरीच किल्लीने स्क्रू फिरवायला सांगितले आहे. म्हणजे आम्ही आमच्या हातांनी तिचे हाड फाकवायचे का? सगळे कायमचे दात येईपर्यंत थांबलेले बरे नाही का?

उत्तर : हाड फाकवायचे आहे हे खरे, ते मोडायचे मात्र नाही. वरचा जबडा हे एकच सलग हाड नसते. उजवा आणि डावा असे त्याचे दोन भाग टाळूच्या मध्यरेषेवर एका शिवणीने जोडलेले असतात आणि लहान वयात या शिवणीत हाडाऐवजी तंतुमय ऊती असते. एक्स्पान्डर दोन्ही बाजूंच्या दाढांना धरून त्यांना बाहेरच्या दिशेने रेटतो, तो रेटा दाढांमार्फत हाडापर्यंत पोहोचतो आणि शिवण हळूहळू उघडते. उघडलेल्या जागेत शरीर नवे हाड तयार करते. मूल वाढत असताना ही शिवण आपणहून हाडाची भर घालतच असते. उपकरण तिच्याकडून तेच काम अधिक वेगाने करवून घेते.

हा उपाय नवाही नाही. अमेरिकेतील इमर्सन अँजेल या दंतवैद्याने १८६० साली एका चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूला स्क्रूचे उपकरण बसवून जबडा रुंद केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या समव्यावसायिकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. एक्स-रेचा शोध लागण्यास तेव्हा पस्तीस वर्षे अवकाश होता आणि शिवण उघडली हे दाखवण्याचे साधनच त्याच्याजवळ नव्हते. पुढे शंभर वर्षांनी, १९६१ साली अँड्र्यू हास यांनी या पद्धतीची पुन्हा पद्धतशीर मांडणी केली आणि तेव्हापासून ती रुळली.

स्क्रूचा एक पाव फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. जलद पद्धतीत दिवसाला एक किंवा दोन पाव फेरे देतात आणि हा टप्पा दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. संथ पद्धतीत फेऱ्यांमधले अंतर वाढवतात आणि काही महिने लागतात. तुमच्या मुलीच्या वयात दोन्ही पद्धती चालतात. रुंदीकरण गरजेपेक्षा थोडे जास्तच केले जाते, कारण उपकरण काढल्यावर दाढा काही प्रमाणात मागे येतात. यापुढची गोष्ट पालकांना बहुधा नीट सांगितली जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. स्क्रू फिरवण्याचे काम संपले म्हणजे उपचार संपला असे नाही. उघडलेल्या शिवणीत पक्के हाड भरून येईपर्यंत तेच उपकरण स्क्रू बंद करून आणखी तीन ते सहा महिने तोंडात ठेवावे लागते. मूल कंटाळले म्हणून ते लवकर काढून घेतले, तर मिळवलेली रुंदी मोठ्या प्रमाणात परत जाऊ शकते.

आता थांबण्याविषयी. दात केवळ दाटीने आले असते, तर मीही थांबा असेच म्हटले असते. पण तुम्ही वर्णन केलेले लक्षण वेगळे आहे. बहुतेक अशा मुलांमध्ये वरचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखाच अरुंद असतो. दात मिटताना सुळे एकमेकांवर आदळतात, ते टाळण्यासाठी मूल खालचा जबडा एका कुशीला सरकवते आणि त्यामुळे दोष एकाच बाजूचा वाटतो. वर्षानुवर्षे जबडा असा तिरका मिटत राहिला, तर त्याची वाढही दोन्ही बाजूंना असमान होण्याची शक्यता असते आणि मग हनुवटीचा कल चेहऱ्यात कायमचा राहतो. म्हणून जबडा सरकत असेल तर लवकर उपचार करावेत, याबद्दल या क्षेत्रात फारसा मतभेद नाही. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना अवश्य विचारा: जबडा सरकण्याचे कारण केवळ दुधाच्या सुळ्यांची अडचण तर नाही ना? काही मुलांमध्ये त्या सुळ्यांची टोके किंचित घासून दिली की जबडा सरळ मिटू लागतो आणि उपकरणाची गरजच उरत नाही.

प्रश्न : आमच्या मुलाला एक्स्पान्डर बसवून दहा दिवस झाले आणि वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये मोठी फट पडली आहे. दात आधी चांगले जवळजवळ होते. काही बिघडले का?

उत्तर : काहीही बिघडलेले नाही. शिवण उघडल्याची ती घरबसल्या दिसणारी खूण आहे. मुळात पुढचे दोन दात शिवणीच्या एकेका बाजूच्या हाडात रोवलेले असतात, त्यामुळे हाडे दूर झाली की तेही दूर जातात. स्क्रू जितका उघडला त्याच्या सुमारे निम्मी फट दिसते. हिरडीतून एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत जाणारे लवचीक तंतू ताणले गेलेले असल्याने तेच या दोन दातांना पुढील काही महिन्यांत पुन्हा जवळ आणतात. फट मिटावी म्हणून दातांना रबर बँड बांधण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. असा रबर हिरडीखाली सरकून दातांच्या मुळांभोवतीचे हाड नष्ट करतो आणि त्यात चांगले दात गमावण्याची वेळ येते.

काळजी करायची ती उलट परिस्थितीत. जलद पद्धतीने सात-आठ दिवस नियमित फेरे देऊनही फट दिसत नसेल आणि दुखणे मात्र वाढत असेल, तर फेरे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. शिवण न उघडता केवळ दाढा बाहेर कलत असण्याची शक्यता तेव्हा तपासावी लागते.

प्रश्न : स्क्रू फिरवायला एखादा दिवस विसरलो तर दुसऱ्या दिवशी दोनदा फिरवावा का? उपकरण तोंडात असताना आणखी काय सांभाळावे?

उत्तर : विसरलेला फेरा आपल्या मनाने भरून काढू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीइतकाच फेरा द्यावा, वहीत तशी नोंद करावी आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावे. फेरा नेहमी पुढून मागे, म्हणजे घशाच्या दिशेने द्यायचा असतो आणि तो पुरा द्यायचा असतो. पुढचे छिद्र दिसू लागले तरच फेरा पुरा झाला असे समजावे, कारण अर्धवट सोडलेल्या फेऱ्यानंतर किल्ली घालायला जागाच सापडत नाही. किल्ली बाहेर काढताना स्क्रू उलटा फिरणार नाही हे पाहावे. किल्लीला दोरा बांधून तो मनगटाला अडकवावा, म्हणजे ती हातातून निसटली तरी घशात जाणार नाही.

फेरा दिल्यावर नाकाच्या मुळाशी किंवा गालाच्या हाडांपाशी काही मिनिटे दाब जाणवतो. तो आपोआप ओसरतो. पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते आणि बोलणे बोबडे होते. मोठ्याने वाचन करायला लावले तर जीभ लवकर सरावते. कडक आणि चिकट पदार्थ टाळावेत. उपकरण आणि टाळू यांच्यामध्ये अन्न अडकते, म्हणून प्रत्येक जेवणानंतर जोरात चुळा भराव्यात; बारीक ब्रश किंवा पाण्याची पिचकारी वापरल्यास उत्तम. दाढेवरची धातूची पट्टी हलू लागली तर स्क्रू फिरवणे तत्काळ थांबवावे. एका बाजूची पकड गेल्यावर फेरे देत राहिल्यास सगळा जोर दुसऱ्या बाजूवर जातो.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाचे दात फार दाटीने आले आहेत. एका डॉक्टरांनी एक्स्पान्डरने जागा करू, दात काढावे लागणार नाहीत असे सांगितले. दुसऱ्यांनी चार उपदाढा (सुळा आणि दाढ यांच्यामधले दात) काढून तारा लावू असे सांगितले. दोघेही अनुभवी आहेत. कोणाचे ऐकावे? दात काढल्याने चेहरा आत जातो असेही ऐकले आहे.

उत्तर : तुमच्या पत्रात दाटी किती आणि रुंदी किती यांचे एकही माप नाही, आणि या वादाचा निकाल त्या मापांवरच लागतो. दोन्ही डॉक्टरांनी ती घेतली असणार. ती तुम्ही मागून घ्या.

दाटी म्हणजे टाळू अरुंद, हे समीकरण बरोबर नाही. पुष्कळ मुलांमध्ये टाळूची रुंदी पूर्णपणे योग्य असते, वरच्या आणि खालच्या दाढा एकमेकींवर बरोबर बसतात, आणि तरीही दात जबड्याच्या मानाने मोठे असल्यामुळे दाटी होते. अशा मुलाला एक्स्पान्डर लावणे म्हणजे जो दोष नाही तो दुरुस्त करणे. शिवाय रुंदी वाढवून मिळणारी जागा पालकांना वाटते तितकी नसते. जलद रुंदीकरणाच्या मोजमापांवरून ठोकताळा असा निघाला आहे की उपदाढांपाशी जेवढी रुंदी वाढते, तिच्या सुमारे सात-दशांश इतकीच लांबी दातांच्या कमानीला मिळते. सहा मिलिमीटर रुंदी वाढवली तर सुमारे चार मिलिमीटर जागा मिळाली. वरची दाटी चार मिलिमीटरची असेल तर हा व्यवहार ठीक आहे. दहा मिलिमीटरची असेल तर नाही.

खालच्या जबड्याचा विचार तर या चर्चेत बहुधा निसटूनच जातो. खालच्या जबड्याच्या मध्यावरची शिवण बाळाच्या पहिल्या वर्षातच हाडाने सांधली जाते, त्यामुळे 'खालचा एक्स्पान्डर' हाड रुंद करू शकत नाही. तो फक्त दात बाहेर कलवतो. दात आतल्या बाजूला झुकलेले असतील तर त्यांना सरळ उभे करण्यापुरता त्याचा उपयोग आहे. दात आधीच सरळ उभे असतील, तर त्यांना बाहेर ढकलल्याने ते गालाकडच्या पातळ हाडाच्या कडेला जातात, हिरडी खाली उतरण्याचा धोका वाढतो आणि उपकरण काढल्यावर ते पुन्हा आत येऊ पाहतात. म्हणून तुमच्या मुलाच्या खालच्या दातांची दाटी किती आहे, हे आधी पाहावे. निर्णय बहुतेक वेळा तेथेच होतो.

उपदाढा काढण्याच्या उपचाराला उगीचच बदनाम केले गेले आहे असे माझे मत आहे. दाटी मोठी असेल, किंवा दात इतके पुढे असतील की ओठ प्रयत्नाशिवाय मिटत नाहीत, तर उपदाढा काढून केलेला उपचार चांगला आणि टिकाऊ ठरतो, आणि त्यामुळे जबड्याच्या सांध्याचे विकार होतात असे अभ्यासांतून दिसलेले नाही. चेहऱ्याविषयीची भीती अगदीच निराधार नाही, कारण पुढचे दात मागे घेतले की ओठही थोडे मागे जातात. ज्याचे ओठ मुळातच सपाट आणि मागे आहेत, त्याच्या बाबतीत दात काढण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. ज्याचे ओठ पुढे आहेत, त्याला हाच बदल हवा असतो. दाटी मध्यम असेल तर दातांच्या कडा काही दशांश मिलिमीटर घासून जागा करणे, दुधाच्या शेवटच्या दाढा पडताना मिळणारी जागा राखून ठेवणे असेही मार्ग आहेत. तुमच्या मुलाचे वय पाहता त्या दाढा अजून तोंडात असण्याची शक्यता आहे, तेव्हा याविषयी दोन्ही डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा तोंडाने श्वास घेतो आणि रात्री घोरतो. टाळू रुंद केली की श्वास सुधारतो, असे वाचले. एक्स्पान्डर बसवून घ्यावा का?

उत्तर : प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. या वयात घोरण्याचे नेहमीचे कारण नाकामागच्या अडिनॉइड आणि घशातील टॉन्सिलच्या वाढलेल्या गाठी हे असते. नाकाची ॲलर्जी हे दुसरे. टाळूचे हाड हेच नाकाच्या पोकळीचे तळाचे हाड असल्यामुळे टाळू रुंद झाली की नाकाची पोकळीही काहीशी रुंद होते आणि काही मुलांना श्वास घेणे सोपे जाते, हे खरे आहे. पण ज्याची टाळू मुळात अरुंद नाही अशा मुलाला केवळ घोरणे थांबावे म्हणून एक्स्पान्डर लावण्यास आधार नाही. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ साली झोपेतील श्वासरोधाविषयी सविस्तर भूमिका मांडली. तिचा रोख असा की या विकाराचे निदान वैद्यकीय डॉक्टरांनीच करायचे असते, आणि तो पुढे होऊ नये एवढ्यासाठी जबडा रुंद करणे समर्थनीय नाही. टाळू खरोखर अरुंद असेल आणि दाढाही उलट्या, म्हणजे वरच्या खालच्यांच्या आत, बसत असतील, तर एक्स्पान्डर त्या कारणासाठी लावावा. श्वास सुधारला तर तो अधिकचा लाभ समजावा.

प्रश्न : जीभ सतत टाळूला चिकटवून ठेवली की जबडा आपोआप रुंद होतो आणि तारांची गरज राहत नाही, असे व्हिडिओ माझी मुले पाहतात. यात तथ्य आहे का?

उत्तर : अशा सवयीने जबड्याचे हाड रुंद होते याला पुरावा नाही.

प्रश्न : माझे वय एकोणतीस आहे. वरचा जबडा अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंच्या दाढा उलट्या बसतात. या वयात एक्स्पान्डर चालतो का? इंटरनेटवर प्रौढांसाठी काढता-घालता येणारे एक्स्पान्डर दिसतात.

उत्तर : काढता-घालता येणारे उपकरण तुमच्या वयात हाड रुंद करत नाही. वय वाढते तशा टाळूच्या शिवणीच्या कडा एकमेकींत गुंतत जातात आणि शेवटी शिवण हाडाने सांधली जाते. हे नेमके कधी होते यात माणसामाणसांत विलक्षण फरक असतो; पंधराव्या वर्षीच सांधू लागलेल्या शिवणी अभ्यासांत आढळल्या आहेत आणि सत्ताविसाव्या वर्षीही न सांधलेल्या आढळल्या आहेत. म्हणून केवळ वयावरून निर्णय न घेता जबड्याचे त्रिमितीय स्कॅन करून शिवणीची अवस्था पाहतात. या अवस्थांचे पाच पायऱ्यांचे वर्गीकरण २०१३ साली मांडले गेले आणि ते आता बरेच वापरात आहे. शिवण सांधलेली असताना दाढांवर जोर दिला, तर हाड हलत नाही. दाढाच बाहेर कलतात आणि गालाकडचे हाड पातळ होते.

तुमच्यासमोर खरे मार्ग तीन आहेत. पहिला, टाळूच्या हाडातच छोटे स्क्रू रोवून त्यांच्या आधाराने बसवलेला एक्स्पान्डर. यात जोर दाढांवर न जाता थेट हाडावर जातो आणि तरुण प्रौढांमध्ये शस्त्रक्रियेशिवाय शिवण उघडण्याची शक्यता बरीच असते. ती वयानुसार कमी होत जाते आणि पुरुषांमध्ये अपयशाचे प्रमाण अधिक दिसते. शिवण उघडली नाही तर पुढे काय करायचे, हे सुरुवात करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा: जबड्याच्या हाडाला ठरावीक ठिकाणी छेद देऊन त्याचा विरोध कमी करायचा आणि काही दिवसांनी एक्स्पान्डर फिरवायला घ्यायचा. भूल, सूज, काही आठवडे जपणे हे सारे त्यात आले. पण रुंदीची उणीव मोठी असेल तर हा मार्ग खात्रीचा आहे.

तिसरा मार्ग म्हणजे दाढा आहेत तशाच राहू देणे. हे वाचून कदाचित आश्चर्य वाटेल, परंतु प्रौढ वयात दोन्ही बाजूंच्या दाढा उलट्या बसत असूनही जबडा सरळ मिटत असेल, दात झिजत नसतील, हिरड्या निरोगी असतील आणि चावण्यास त्रास नसेल, तर पुढचे दात सरळ करून मागचा भाग तसाच सोडणे हा पूर्णपणे सन्माननीय निर्णय आहे. तुमची नेमकी तक्रार काय आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. ती स्वतःशी नक्की करूनच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मुलीचे वय नऊ. वरचे दात खूप पुढे आहेत आणि खालचा जबडा मागे वाटतो. माझ्या भावाच्या सात वर्षांच्या मुलाचे उलट आहे, त्याची हनुवटी पुढे आहे. दोघांनाही आताच उपचार हवेत का?

उत्तर : भाच्याला आधी दाखवा. वरचा जबडा मागे राहिल्यामुळे खालचे दात पुढे येत असतील, तर चेहऱ्यावर बाहेरून लावायच्या मुखवट्यासारख्या चौकटीने आणि रबरांनी वरचा जबडा पुढे ओढता येतो. अनेकदा जोडीला एक्स्पान्डरही लावतात. हा उपाय साधारण दहा वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो आणि ती चौकट रोज बारा-चौदा तास लावावी लागते. दोष खालच्या जबड्याच्या आनुवंशिक जास्त वाढीचा असेल, तर मात्र किशोरवयात तो पुन्हा डोके वर काढू शकतो, आणि काहींना वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. हे पालकांना सुरुवातीलाच माहीत असलेले बरे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत घाई नाही. खालचा जबडा पुढे ठेवून मिटायला लावणारी उपकरणे, उदाहरणार्थ स्कॉटलंडमध्ये विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली विकसित केलेले ट्विन ब्लॉक, वयात येतानाच्या वाढीच्या सुमारास जास्त फळ देतात. आठव्या-नवव्या वर्षी उपचार सुरू केलेल्या आणि किशोरवयात सुरू केलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा जबड्याच्या अंतिम ठेवणीत फरक जवळजवळ दिसला नाही. लवकर उपचार केल्याचा एक फायदा मात्र आढळला: पुढे आलेल्या दातांना पडझडीत मार लागण्याचे प्रमाण कमी झाले. मुलगी खेळकर असेल, ओठ दातांवर पुरे येत नसतील, किंवा दातांवरून तिला कोणी चिडवत असेल, तर आता सुरुवात करायला ही कारणे पुरेशी आहेत. नसतील, तर वर्षातून एकदा तपासणी करत थांबावे.

प्रश्न : वय चोवीस. दात थोडे वेडेवाकडे आहेत, जबड्याचा दोष नाही असे सांगितले आहे. तारा लावाव्यात की पारदर्शक अलाइनर (दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे)?

उत्तर : दोन्हींचे जीवशास्त्र एकच आहे. दातावर हलका, सतत दाब आला की एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. यापेक्षा फार वेगाचे आश्वासन कोणी दिले तर जपून राहावे. थोडी दाटी किंवा थोड्या फटी असतील, तर अलाइनरने चांगले काम होते. ते दिवसाला वीस ते बावीस तास घालावे लागतात, एकेक संच एक ते दोन आठवडे चालतो आणि दातांवर पकडीसाठी दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, हे जाहिरातींत ठळकपणे दिसत नाही. गोल आकाराचे दात मोठ्या कोनातून फिरवणे, दात खाली ओढणे किंवा उपदाढा काढून पडलेली मोठी जागा मिटवणे या कामांत स्थिर तारांचा हात अजून वरचढ आहे.

तारांचा तोटा स्वच्छतेचा. तार धरण्यासाठी दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटभोवती जंतूंचा थर साचला की दातांवर पांढरे डाग पडतात आणि ते पूर्ण जात नाहीत. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा नीट दात घासणे हाच त्यावर उपाय आहे. सिरॅमिकच्या ब्रॅकेट कमी दिसतात पण ठिसूळ असतात. दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या तारा दिसतच नाहीत, पण जिभेला त्रास देतात. तार धरायला रबराऐवजी झाकण असलेल्या ब्रॅकेटने उपचार लवकर संपतो, हा दावा अभ्यासांत टिकलेला नाही.

अलाइनर पेटीतून बाहेर राहण्याची शाश्वती तुम्ही स्वतःविषयी देऊ शकत असाल तर ते घ्यावेत, नाही तर तारा. डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्याशिवाय आणि मुळांचे एक्स-रे पाहिल्याशिवाय टपालाने येणारे अलाइनर मात्र घेऊ नयेत. हिरड्यांचा विकार असताना दात सरकवले तर हाड झपाट्याने झिजते. हाडांच्या ठिसूळपणावरची बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे चालू असतील किंवा निकेलची ॲलर्जी असेल, तर तेही आधी सांगावे.

प्रश्न : पंधरा वर्षांपूर्वी तारा लावल्या होत्या. आता खालचे पुढचे दात पुन्हा दाटू लागले आहेत. अक्कलदाढा ढकलत आहेत असे वाटते. त्या काढल्या तर दात सरळ राहतील का?

उत्तर : राहणार नाहीत. ज्यांच्या अक्कलदाढा कधी उगवल्याच नाहीत, त्यांचेही खालचे पुढचे दात वयानुसार दाटतात, आणि ज्यांनी आयुष्यात तारा लावल्या नाहीत त्यांचेही. किड, वारंवार सूज, शेजारच्या दाढेला इजा अशा कारणांसाठी अक्कलदाढ काढावी. केवळ दाटी थांबावी म्हणून काढू नये.

दात सरळ झाल्यावर हिरडीतील लवचीक तंतूंना नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभर लागते, आणि त्यानंतरही वयामुळे होणारा बदल चालूच राहतो. म्हणून रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारे उपकरण, वर्षभर लावून सोडून देण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. सध्याची दाटी थोडी असेल तर काही महिन्यांच्या अलाइनरने किंवा मोजक्या दातांवरच्या तारांनी ती दुरुस्त होते. त्यानंतर दातांच्या मागे बारीक तार चिकटवून घ्यावी किंवा रात्रीचा रिटेनर कायम वापरावा. चिकटवलेली तार एखाद्या दातावरून सुटली तर ते सहसा कळत नाही आणि तेवढाच दात हळूहळू फिरतो. तेव्हा ती सहा महिन्यांनी तपासून घ्यावी. रात्रीचा रिटेनर काही दिवस राहून गेला आणि पुन्हा घालताना घट्ट वाटला, तर तो त्याच रात्रीपासून नियमित लावावा. मुळीच बसत नसेल तर जोर करू नये, नवा करून घ्यावा.